फोटोतला रंग आणि आपला रंग

(आष्टी, जि. वर्धा येथे महिला गटांच्या बैठकीत केलेलं बोलणं, थोडं संक्षिप्त करून.)



फोनवर काढलेल्या चेहऱ्याच्या फोटोतले रंग कसे खुलवायचे, हे दाखवायला तुम्ही मला बोलावलंत. दाखवतेच. पण रंग खुलवणं वेगळं आणि गोरं करणं वेगळं, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून आधी ते सांगते.

१९८४ साली स्थळांना पाठवायला घरच्यांनी एका स्टुडिओत माझा फोटो काढून घेतला. ब्लॅक अँड व्हाइट. तेव्हा फोटोग्राफर निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवत. शिसं लागलेल्या जागेतून उजेड कमी जातो आणि छापलेल्या फोटोत तो भाग उजळ येतो. माझे गाल, कपाळ असेच उजळले. पाहुणे आले. मुलाच्या आईनं फोटो माझ्या तोंडाशेजारी धरला, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. बोलल्या काही नाहीत. पोहे खाऊन मंडळी गेली. आईनं फोटो पेटीत ठेवला. मी मात्र कितीतरी वर्षं स्वतःलाच त्या फोटोची बिघडलेली प्रत समजत राहिले.

यात एकट्या स्टुडिओवाल्याला काय दोष द्यायचा? कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवायला प्रयोगशाळांना एक नमुना-फोटो पाठवायची, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्यावर असायची गोरी बाई. तिची कातडी बरोबर आली की छपाई बरोबर! सावळ्या माणसांचे चेहरे नीट येत नाहीत ही तक्रार जुनीच होती. पण फिल्म सुधारण्याला जोर आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी ओरड केल्यावर. त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा फोटोत वेगळ्या दिसेनात म्हणून!

आता आपल्या फोनकडे वळू. तुम्ही कपाशीच्या वावरात बाईला उभं करता, मागे लख्ख आभाळ. फोन आभाळाचा उजेड मोजतो आणि चेहरा काळवंडतो. बाई काळी म्हणून नव्हे, उजेड मागून म्हणून. चेहऱ्यावर बोट टेकवा, फोन तिथला उजेड धरतो. फोटो काढून झाला असेल तर ‘शॅडो’ थोडं वाढवा. अंधारात बुडालेले डोळे वर येतात.

निळ्या ताडपत्रीखाली बैठक झाली की सगळ्या निळसर दिसतात. तिथे ‘व्हाइट बॅलन्स’. फोटोत खरोखर पांढरी वस्तू शोधा, कागद किंवा पांढरं लुगडं. ती पांढरी दिसेपर्यंत पट्टी पिवळ्या बाजूला सरकवा. चेहऱ्याचा रंग बहुतेक आपोआप जागेवर येतो. ‘सॅच्युरेशन’ जपून वापरा, ते सगळेच रंग सारखे भडक करतं. ‘व्हायब्रन्स’ फिकट रंगांना जास्त उचलतं, गडदांना कमी. आष्टीत संत्री पुष्कळ आहेत, चेहऱ्यांची आणखी कशाला करायची?

आणि ‘ब्युटी’चं बटण बंद करा. कित्येक फोनमध्ये ते आधीच चालू असतं.

हे मीही केलंय. दोन वर्षांपूर्वी एका बचत गटाच्या ओळखपत्रांसाठी मी फोटो ‘छान’ करून दिले. एका मावशीनं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “बाई, हे कोन व्हय?” उन्हानं रापलेला रंग, कपाळावरचं गोंदण, सगळं मी पुसलं होतं. गोंदण तिच्या आजीनं काढवून घेतलेलं. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. सगळी कार्डं नव्यानं केली.

१९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’नं २०२० मध्ये नाव बदललं. त्याच वर्षी शादी डॉट कॉमनं रंगावरून स्थळं चाळण्याची सोय काढून टाकली. बायांनी आवाज उठवला म्हणून. पण लेकीचा फोटो स्थळाला पाठवण्याआधी घरात त्यावर बोट कोण फिरवतं? आपणच ना?

चला, आता दोघी-दोघी बसा. दाराकडे तोंड करा, उजेड समोरून घ्या. एकीनं दुसरीचा फोटो काढायचा, रंग नीट करायचा आणि फोन तिच्या हाताशेजारी धरायचा. हाताचा रंग फोटोत आला का? तिलाच विचारा. ती “ही मीच” म्हणाली की मगच सेव्ह दाबा.