कनकेश्वराच्या पायऱ्या
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



यंदाच्या सहलीचा वृत्तांत निवेदन करण्याची आज्ञा झाली आहे. आम्ही लहानथोर मंडळी गेटवेहून लाँचने मांडव्यास उतरलो आणि उन्हे तापण्यापूर्वी मापगावास पोहोचलो. कनकेश्वराचा डोंगर उंचीने हजार-बाराशे फूट. सह्याद्रीचे कडे पाहिलेल्यांस त्याचे काय मोठे, असे काही तरुणांनी आरंभी म्हटलेही. परंतु ७०० हून अधिक पायऱ्यांपैकी निम्म्या होण्यापूर्वीच ते मौन पावले! राघोजी आंग्रे यांचे दिवाण गोविंद रेवादास यांनी १७६४ च्या सुमारास या पायऱ्या बांधविल्या. त्यांतील एकीस ‘देवाची पायरी’ म्हणतात. तिला नमस्कार करण्यास थांबावे लागते, आणि दमलेल्यांस तेवढे निमित्त पुरते.

माथ्यावर शंकराचे देऊळ व पुष्करणी आहे. दर्शन घेऊन आम्ही पश्चिमेच्या अंगास आलो, तो खाली समुद्र पसरलेला. दूर खांदेरी, किनाऱ्यालगत उंदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांस खांदेरीवर धाडले आणि तट बांधण्यास घेतला. इंग्रजांनी बेटास वेढा दिला. त्यांची जड जहाजे वाऱ्याच्या आधीन. आपल्या होड्या वल्ह्यांच्या, उथळ पाण्यातून जाणाऱ्या. रात्रीच्या काळोखात त्या शत्रूस चुकवून माणसे आणि सामग्री पोहोचवीत, आणि तोफांच्या माऱ्यातही तट चढत राहिला. पुढे सिद्दीने उंदेरी बळकावली, तरी खांदेरी सुटली नाही. २०२५ साली खांदेरी किल्ला जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला, हे आपण वाचलेच असेल.

हे सर्व ऐकून एका दहा वर्षांच्या मुलाने विचारले, “काका, त्या होड्यांत आपल्यातले कोण होते?”

आम्ही गोंधळलो. अशा प्रसंगी उत्तर देणे सोपे असते. आपल्या स्मरणिकांच्या जुन्या अंकांतही तशी उत्तरे पुष्कळ छापली गेली आहेत, आणि त्यांतील काही आम्हीच लिहिली आहेत, ही कबुली आज देतो. तथापि कुळाचे नाव घालून त्या होडीत कोणास बसवावे, असा कागद आमच्यापाशी नाही. वल्हे मारणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवलीच नाहीत. पायऱ्यांवर दिवाणांचे नाव राहिले, दगड वाहणाऱ्याचे नाही. म्हणून आम्ही त्यास म्हटले, “बाळ, ठाऊक नाही.”

एक वडील सभासद यावर किंचित नाराज झाले, आणि परतीच्या लाँचमध्ये त्यांनी ते बोलूनही दाखविले. मुलाचेही समाधान झालेले दिसले नाही. तो उतरताना पायऱ्या मोजीत आला. त्याचा आकडा आमच्याशी जुळला नाही, म्हणून पुन्हा जाऊन मोजावयाचे त्याने ठरविले आहे.