फुकट दिलं, पण विकलं नाही

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



भावाचं बोलून झालं, विम्याचं झालं, वीजबिलाचं झालं. विषयपत्रिकेच्या तळाशी पोरांनी एक विषय घालून ठेवला आहे : अमेरिकेतल्या एका रॅपवाल्याची पहिली मिक्सटेप. तो वाचून काही ज्येष्ठ मंडळींनी कपाळाला आठ्या घातल्या. कापूस-ज्वारी पिकवणाऱ्यांना या धांगडधिंग्याशी काय घेणं? घेणं आहे. त्या गाण्याच्या गावात लोक आले ते कापसाच्या शेतातून, आणि त्या पोरानं जे केलं तो आपल्या मालावर मालकी कुणाची याचाच प्रश्न आहे. म्हणून आम्ही बोलायचं कबूल केलं.

आधी शब्द समजून घेऊ. रॅप म्हणजे तालावर भराभर बोललेली कविता. आपल्याकडे कलगी-तुऱ्यात शाहीर समोरच्याला सवाल टाकतो आणि समोरचा उभ्या उभ्या जवाब रचतो, त्याच्या जवळचा प्रकार. या सगळ्या प्रकाराला हिपहॉप म्हणतात आणि त्याचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ या दिवशी झाला असं मानतात. आपण बहात्तरच्या दुष्काळातून उठत होतो, तेव्हा तिकडे काळ्या लोकांच्या पडक्या वस्तीत पोरं जुन्या रेकॉर्डवर नवा ताल धरत होती. मिक्सटेप म्हणजे आधी खरोखरीच कॅसेट. कंपनीचा शिक्का नाही, दुकानात मांडलेली नाही. हातोहात विकायची नाहीतर वाटायची. पुढं कॅसेट गेली, तबकडी आली, मग इंटरनेट आलं. नाव मात्र तेच राहिलं.

आता शिकागो. हे शहर उत्तरेला, तिथं कापूस पिकत नाही. पण शिकागोच्या दक्षिण भागात जे काळे लोक राहतात त्यांच्यातल्या अनेकांचे आजे-पणजे मिसिसिपी आणि आसपासच्या राज्यांत कापूस वेचत होते. गुलामगिरी कायद्यानं गेली, पण जमीन गोऱ्या मालकाचीच राहिली. हे लोक बटईनं कसायचे. बियाणं, मीठ-पीठ, कापड सगळं मालकाच्या दुकानातून उचल म्हणून घ्यायचं आणि वर्षाअखेरीला मालकाच्याच वहीत हिशेब व्हायचा. कापूस कितीही पिको, वहीत बहुधा बाकीच निघायची. वही बघायला मागणाऱ्याची काय गत होत असे, ते इथं सांगत बसत नाही. १९१० नंतरच्या साठ वर्षांत साठेक लाख काळे लोक दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले. मिसिसिपीतले कित्येक आगगाडीत बसून थेट शिकागोला उतरले. २ ऑक्टोबर १९४४ ला क्लार्क्सडेलजवळच्या एका मळ्यात कापूस वेचणारी यंत्रं लोकांपुढं चालवून दाखवली. चांगला वेचणारा माणूस तासाला नऊ किलो वेचायचा, यंत्र साडेचारशे किलोपर्यंत. मग उरलेल्यांनाही गाडी धरावी लागली. वेचणीच्या मजुरीवरून आपल्या बैठकीत दरवर्षी भांडणं होतात, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला.

अशा या दक्षिण शिकागोत १९९३ साली चान्सलर बेनेट जन्मला. गाण्यातलं नाव चान्स द रॅपर. तो उपाशी घरचा नव्हता. वडिलांनी शहराच्या पहिल्या काळ्या महापौरांकडे काम केलेलं, पोरगं चांगल्या शाळेत. २०११ साली शाळेचं शेवटचं वर्ष चालू असताना गांजाच्या भानगडीत सापडला आणि शाळेनं त्याला दहा दिवस घरी बसवलं. गांजाचं समर्थन आम्ही करत नाही. शाळेनं केलं ते ठीकच केलं. पण त्या दहा दिवसांत या पोरानं गाणी लिहायला घेतली. पेरणी दहा दिवसांत झाली, पीक हाती यायला वर्ष लागलं. ३ एप्रिल २०१२ ला चौदा गाण्यांची मिक्सटेप बाहेर पडली. नाव ‘टेन डे’. पहिल्या गाण्याचं नाव ‘१४,४०० मिनिट्स’. दहा दिवसांची मिनिटं मोजा, तेवढीच भरतात. एक गाणं आईसाठीही आहे. गायकाचं वय अठरा.

पैसा कुठून आणला? इथं आमच्या चळवळीतल्या काही मंडळींना न आवडणारी गोष्ट आहे. शिकागोच्या मोठ्या सार्वजनिक वाचनालयात २००९ पासून पोरांसाठी एक दालन आहे. तिथं संगणक, वाद्यं, आवाज टिपायची खोली, सगळं फुकट. आठवड्यातून एकदा कुणीही माइक धरावा आणि आपली कविता म्हणावी. चान्स तिथलाच. सरकारी खर्चाच्या नावानं आपण बोटं मोडतो आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं, पण ही खोली कामाला आली हे कबूल केलं पाहिजे. आपल्या तालुक्याच्या वाचनालयात काय आहे? दिवाळी अंक आणि कुलूप.

आता मुख्य मुद्दा. ही चौदा गाणी त्यानं इंटरनेटवर फुकट ठेवली. तुम्ही म्हणाल, आयुष्यभर आम्ही घामाचं दाम मागितलं, आणि तुम्ही फुकट वाटणाऱ्याचं कौतुक सांगता? जरा थांबा. नव्या गायकाला कंपनी काय देते ते बघू. कंपनी आधी एक रक्कम हातात ठेवते. ती बक्षिसी नसते, उचल असते. गाणी मुद्रित करायचा खर्चही बहुतेक करारांत गायकाच्याच खात्यावर चढतो. विक्रीतून त्याला जो टक्का मिळायचा त्यातून आधी उचल फिटते, मग उरलं तर हातात. आणि उचल फिटली तरी मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा कंपनीकडेच राहते. म्हणजे कर्ज फिटलं तरी सातबारा सावकाराच्याच नावावर. मिसिसिपीतली ती वही आठवा.

चान्सच्या पुढं पुढं कंपन्यांची रांग लागली, पण त्यानं कुणालाही सही दिली नाही. खळ्यावर आलेल्याला पसाभर ज्वारी देणारा शेतकरी त्यानं बुडत नाही. अख्खं खळं दुसऱ्याच्या भावानं उचललं गेलं की बुडतो. यानं पसा दिला, खळं आपल्याकडं ठेवलं. गाणी ऐकून लोक तिकिटं काढून कार्यक्रमाला येऊ लागले. ‘टेन डे’ ऐकून त्या वेळचा एक नावाजलेला गायक, चाइल्डिश गॅम्बिनो, त्याला आपल्या दौऱ्यावर घेऊन गेला. २०१३ ला दुसरी मिक्सटेप आली, ‘अ‍ॅसिड रॅप’. तीही फुकट.

कंपन्यांचं मिक्सटेपशी वागणं कसं होतं, तेही ऐका. जानेवारी २००७ मध्ये अटलांटा शहरात डीजे ड्रामा नावाच्या मिक्सटेपवाल्याच्या जागेवर धाड पडली, ८१ हजार तबकड्या जप्त झाल्या, तो कोठडीत गेला. धाडीत कंपन्यांच्या संघटनेची माणसं सोबत. आणि याच कंपन्या आपल्या गायकांची हवा व्हावी म्हणून याच मिक्सटेपवाल्यांकडे खेटे घालत होत्या! एकाधिकार खरेदीच्या दिवसांत आपलाच कापूस मध्य प्रदेशच्या हद्दीपलीकडे नेणारा शेतकरी चोर ठरत होता. ज्यांच्या गाड्या नाक्यावर अडकल्या ते इथं बसलेले आहेत, त्यांना जास्त समजवायला नको.

पुढं २०१६ ला तिसरी मिक्सटेप आली, ‘कलरिंग बुक’. २०१७ च्या ग्रॅमी सोहळ्यात चान्सला तीन पारितोषिकं मिळाली. दुकानात विक्रीला न ठेवता केवळ इंटरनेटवर ऐकवलेल्या संग्रहाला ग्रॅमी मिळायची ती पहिलीच वेळ. त्याच वर्षी त्यानं शिकागोच्या सरकारी शाळांना दहा लाख डॉलर दिले.

पण पोरांनो, हे ऐकून लगेच टाळ्या पिटू नका. ‘कलरिंग बुक’ पहिले दोन आठवडे एकट्या अ‍ॅपल कंपनीकडेच ऐकायला मिळत होती आणि त्याबद्दल पाच लाख डॉलर मिळाले, हे त्यानंच जाहीर केलं. तेव्हा त्यानं व्यापारी टाळला असं नाही. शेत विकलं नाही. माल दोन आठवडे एकाच दुकानात ठेवायचा हक्क विकला. हा फरक मोठा आहे, पण एवढाच आहे. आणि फुकट गाणी टाकणारी पोरं हजारोंनी होती. बहुतेकांची कुणी ऐकलीसुद्धा नाहीत. आज गाणी मोबाइलवर ऐकवणाऱ्या चार-दोन कंपन्या झाल्या आहेत, त्या किती पैसे देतील ते त्याच ठरवतात. नवी अडतच ती.

दुसऱ्याच्या बियाण्याचा प्रश्नही आहेच. मिक्सटेपमध्ये जुन्या गाण्यांचे तुकडे सर्रास वापरतात. फुकट वाटलं तोवर फारसं कुणी विचारलं नाही. २०१९ ला ‘अ‍ॅसिड रॅप’ पैसे देणाऱ्या जागी चढवायची झाली, तेव्हा एका गाण्याची परवानगी अडली आणि ते वगळावं लागलं. त्याच वर्षी त्यानं आपला पहिला रीतसर अल्बम विकायला काढला, तर लोकांनी पहिल्यासारखं उचलून धरलं नाही, ठरलेला दौरा रद्द करावा लागला. २०२० ला जुना व्यवस्थापक आपल्या पैशांसाठी कोर्टात गेला. मालकी आपली म्हटली की तोटाही आपला आणि भाऊबंदकीही आपलीच.

आपल्या जिल्ह्यातली पोरंही आता असली गाणी रचतात, नापिकीवर, कर्जावर, लग्न न जमण्यावर. काही जणांकडं कुणीकुणी कागद घेऊन येऊ लागलं आहे. त्यांना एवढंच सांगतो, सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. उचल कशातून फिटणार? खर्च कुणाच्या खात्यावर? आणि फिटल्यावर गाणं कुणाच्या नावावर? तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्या.

जेवणानंतर पोरं ‘टेन डे’ मधली दोन गाणी लावणार आहेत. मधेमधे शिव्या आहेत, तेवढं ज्येष्ठांनी सांभाळून घ्यावं. भाषा कळली नाही तरी ताल कळेल.