परक्या विद्यापीठाचे पहिले दर्शन



'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती कौतुकाने निघाली की थट्टेने, यावर आपल्या कट्ट्यांवर अजून वाद होतात. तो वाद आज मिटविण्याचा आमचा विचार नाही. परंतु या म्हणीतली जर्मनी आता केवळ यमकापुरती उरलेली नाही, एवढे मात्र खरे. आपल्या जिल्ह्यातली मुले-मुली आज खरोखरच सातासमुद्रापलीकडे शिकावयास निघतात. स्टेशनवर हार पडतात, आईच्या डोळ्यांना पदर लागतो, गाडी सुटते. पुढे काय होते याचा विचार मात्र आपण फारसा करीत नाही. ज्या विद्यापीठात आयुष्याची उमेदीची वर्षे काढावयाची, ते पहिल्याने डोळ्यांसमोर येते तेव्हा विद्यार्थ्याच्या मनाचे काय होते, आणि काय व्हावे, हा आमचा आजचा विषय आहे.

कोणी म्हणेल, यात नवल ते काय? हल्ली मुलगा घरात बसून हातातल्या फोनवर त्या विद्यापीठाचा कोपरा न् कोपरा पाहून घेतो. हे खरे आहे. पण चित्र पाहणे वेगळे आणि दारात उभे राहणे वेगळे. चित्रात आपण त्या जागेकडे पाहत असतो. दारात उभे राहिले की ती जागाच आपल्याकडे पाहते आहे असे वाटू लागते. ते उंच घुमट, त्या दगडी पायऱ्या, भराभर बोलणारी ती माणसे जणू विचारीत असतात, 'तू येथे कसा?' खेड्यातून आलेल्या मुलाला हा प्रश्न फार बोचतो. तो दिपतो किंवा खचतो, आणि पुष्कळदा एकाच दिवशी दोन्ही होते. आमचे म्हणणे एवढेच आहे, की जो विद्यार्थी घरून काही एक कारण बरोबर घेऊन गेलेला असतो, त्याला या प्रश्नाचे उत्तर देता येते. ज्याने केवळ सामान नेलेले असते, त्याला ते देता येत नाही.

आता 'परके विद्यापीठ' म्हणजे काय, हे आपल्या मराठवाड्याला कोणी शिकवावयास नको. परके होण्यासाठी समुद्र मध्ये असावाच लागतो असे नाही. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, आणि तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठा होता, हे मान्य केले पाहिजे. पण मराठी मुलाच्या दृष्टीने ती भाषा दुसऱ्याचीच होती. आपल्याच राज्याच्या राजधानीत तो परदेशी गेल्यासारखा जाई. १९३८ साली वंदे मातरम् म्हणण्यावरून तेथील विद्यार्थ्यांना विद्यापीठाची दारे बंद झाली, तेव्हा त्यांतले पुष्कळ जण नागपूर विद्यापीठात गेले. राज्याच्या सीमेबाहेरचे नागपूर त्यांना जवळचे वाटले असेल, तर त्यात आश्चर्य नाही. विद्यापीठ आपले की परके हे नकाशावर ठरत नाही. तेथे आपल्याला कोण म्हणून वागविले जाते आणि आपण तेथे कशासाठी जातो, यावर ते ठरते.

या कसोटीवर तीन मराठी विद्यार्थ्यांची उदाहरणे आम्ही आपल्यापुढे ठेवू इच्छितो.

पहिले उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. १८६५ साली जन्मलेल्या या बाईंचे नवव्या वर्षी लग्न झाले, चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि ते मूल अवघ्या काही दिवसांत गेले. त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय झाला. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. अमेरिकेला निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, आनंदीबाईंनी बंगालमधील श्रीरामपूर येथील कॉलेजात जाहीर व्याख्यान दिले आणि आपण का जात आहोत हे लोकांना समजावून सांगितले. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज आहे आणि ती गरज येथलीच स्त्री उत्तम भागवील, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा होता. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असेही त्यांनी सांगितले. बाई जेमतेम अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती, हे ध्यानात घ्या. ज्या कॉलेजचे दारही अजून पाहिले नव्हते, तेथे जाण्याचे कारण तिने भर सभेत सांगून टाकले होते.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखे घरात घेतले. पुढे त्या फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या. केवळ स्त्रियांना वैद्यक शिकविणारे ते कॉलेज १८५० सालचे, म्हणजे त्या वेळी उणेपुरे तेहतीस वर्षांचे. पहिल्या दर्शनाचा गोडवा तेथे फार दिवस टिकला असेल असे वाटत नाही. राहावयास जी खोली मिळाली तिची शेगडी धड पेटत नसे. धूर सोसावा किंवा थंडी सोसावी, असा प्रकार होता. अंगावर नऊवारी, अन्न शाकाहारी आणि बाहेर बर्फ! तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. मायदेशी परतल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मायदेशी त्यांच्या हातून एका रोग्यालाही दवाखान्यात औषध मिळाले नाही, मग हे सारे फुकट गेले का? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांनी सांगितलेले कारण त्यांच्यामागे उरले, आणि ते कारण पुढे इतर मुलींनी उचलले.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वडील वारले होते. ज्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, शिपाई हजर नसला तर पाणी मिळत नसे, ज्याला संस्कृत शिकावयाचे असता फारसी घ्यावी लागली, तो बावीस वर्षांचा तरुण आता कोलंबिया विद्यापीठाच्या पायऱ्यांपाशी उभा होता. त्या काळी विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय भव्य घुमटाच्या इमारतीत होते आणि घुमटाखालीच वाचनाची जागा होती. त्या टेबलाशी कोणी कोठे बसावे हे जातीवरून ठरत नव्हते. इमारतींचे कौतुक कोणालाही वाटते. पण बाबासाहेबांनी तेथे जे पाहिले, ते इमारतीच्या पलीकडचे होते. बरोबरीने बसणे, बरोबरीने जेवणे, बरोबरीने वाद घालणे म्हणजे काय, याचा अनुभव त्यांना तेथे आला. कोलंबियातले सहाध्यायी आणि जॉन ड्यूई, सेलिग्मन यांच्यासारखे प्राध्यापक यांचा उल्लेख ते पुढे फार जिव्हाळ्याने करीत.

येथे एक गोष्ट विसरू नये. त्या मोकळेपणाने प्रारंभी बाबासाहेबही भारावले होते. पहिले काही महिने हिंडण्या-फिरण्यात आणि खेळण्यात गेले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मग एके दिवशी आपण कशासाठी आलो याची आठवण त्यांना झाली, आणि तेथून जी बैठक जमली ती मोडली नाही. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम घेतले. एकदा एक विषय नाकारला गेलेल्या माणसाने विषयांच्या त्या भांडारावर कशी मुक्त झडप घातली, हे या आकड्यांवरून दिसते. मे १९१६ मध्ये त्यांनी तेथल्या एका चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. घरचा प्रश्न घरी ठेवून ते गेले नव्हते. तो त्यांनी विद्यापीठाच्या टेबलावर मांडला.

आणि त्याचे फळ आपल्याला मिळाले. १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी, १९५८ साली आले. ज्यांच्या घरात कोणी पाटीसुद्धा पाहिली नव्हती, अशी मराठवाड्यातली किती मुले 'कॉलेज' म्हणून पहिल्याने उभी राहिली ती मिलिंदच्या आवारात! एका तरुणाने १९१३ साली परक्या मुलुखात जे पाहिले, ते त्याने सदतीस वर्षांनी आपल्या दारात आणून ठेवले. पाहणे याला म्हणतात.

तिसऱ्या उदाहरणाने आपण आपल्या म्हणीतल्या जर्मनीत पोहोचतो. इरावती कर्वे या महर्षी कर्व्यांच्या सूनबाई. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला मानववंशशास्त्र शिकावयास गेल्या. जाण्यासाठी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घ्यावे लागले होते. तेथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, त्या शास्त्रातले त्या वेळचे जर्मनीतले बडे प्रस्थ. वंशावंशांत उच्चनीच भाव असतो, आणि तो कवटीच्या ठेवणीतही दिसतो, अशा मताचा तो काळ होता, आणि ती मते पुढे नाझींच्या हाती पडून त्यांनी काय अनर्थ केला हे जगाला ठाऊक आहे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. मोजमापांत गुरूच्या तर्काला आधार मिळेना. कर्जाने आलेली, परक्या देशातली, एकटी विद्यार्थिनी. अशा वेळी गुरूला रुचेल ते लिहून पदवी घेऊन परतावे, असा मोह कोणाला झाला नसता? बाईंनी जे मोजले तेच लिहिले. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. थोर विद्यापीठही चुकीचे सांगू शकते, आणि ते पारखण्याचे हत्यार त्याच विद्यापीठात शिकावयास मिळते, हे या बाईंनी दाखवून दिले.

या तिघांपासून आपण परभणीकरांनी काय घ्यावे? आपल्याकडे मुलगा परदेशी जाणार म्हटले की दोन प्रश्न विचारले जातात: खर्च किती, आणि पुढे पगार किती. हे प्रश्न गैर नाहीत. ज्याने मुलासाठी कर्ज काढले, काळी जमीन गहाण टाकली, त्याला हिशेब विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु तिसरा प्रश्न विचारावयाचा राहतो: 'बाळ, तू कोणते कारण घेऊन चालला आहेस?' दुष्काळी वर्षी गोदावरीकाठच्या गावातही विहिरी का आटतात? कापसाच्या भावाचा मेळ का बसत नाही? बाळंतपणाला बाईला तालुक्याच्या गावी का पळावे लागते? यांतला एखादा प्रश्न ज्याच्या मनात रुतलेला आहे, तो मुलगा लंडनच्या ग्रंथालयात बावरून उभा राहणार नाही. तो विचारील, 'या विषयाचे कपाट कोठे आहे?' असे ज्याने विचारले त्याचे परकेपण त्या क्षणापासून कमी होऊ लागले, असे समजावे.

आणखी एक गोष्ट सांगतो. पहिल्या दर्शनाचे छायाचित्र काढून मुले त्याच दिवशी घरी पाठवितात, आपण ते गावभर दाखवितो. त्या चित्रात मुलगा हसत असतो. पण त्यानंतरची थंडी, एकटेपण, न समजलेले व्याख्यान, संपत आलेले पैसे, हे चित्रात येत नाही, आणि मुलगाही कळवीत नाही. कारण गावाने हार घातलेला असतो. हाराचे ओझे होता कामा नये. बाबासाहेबांनाही सावरावयास काही महिने लागले, हे त्या मुलाला आधीच सांगून ठेवावे. मुलीच्या बाबतीत तर अधिकच. ती एकटी काय करील, असे विचारणाऱ्यांना १८८३ सालचे उत्तर पुरेसे आहे.

शेवटी एक विनंती. १९७२ पासून आपल्या परभणीत कृषी विद्यापीठ आहे. त्याच्या फाटकापाशी दर वर्षी कोणी तरी तांड्यावरचा, पाड्यावरचा मुलगा पत्र्याची पेटी घेऊन पहिल्यांदा उभा राहतो. त्याच्या घरापासून हे फाटक न्यूयॉर्कइतकेच दूर असते. त्याच्या दृष्टीने परके विद्यापीठ आपलेच आहे आणि परके लोक आपणच आहोत. आनंदीबाईंना कार्पेंटरबाई भेटल्या. या मुलाला खोली हवी असेल, चार दिवस जेवण हवे असेल, तेव्हा त्याला कोण भेटते, हे आपल्या हाती आहे. परदेशी गेलेल्या आपल्या लेकरांना तेथे कोणी माणुसकीने दार उघडावे, असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या गल्लीतले दार आधी उघडले पाहिजे. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.