मूल जसं झोपतं, तसं उठतं



पत्रिकेत माझा विषय 'लहान मुलांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया आणि भूल' असा छापला आहे. त्यातल्या शस्त्रक्रियेबद्दल मी फार बोलणार नाही. ते काम सर्जनचं, आणि गावातले दोन नेत्रतज्ज्ञ पहिल्या रांगेत बसलेत, ते मला सोडणार नाहीत. (हशा) मी भूलतज्ज्ञ आहे आणि मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. मूल ज्या मनाने झोपतं, बहुतेकदा त्याच मनाने उठतं. त्याने शांतपणे जागं व्हावं असं वाटत असेल, तर तयारी आदल्या संध्याकाळी तुमच्या घरात सुरू झाली पाहिजे.

भुलीचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहेच. १८४६ मध्ये बॉस्टनला मॉर्टनने ईथरची भूल देऊन दाखवली. त्यात वेळ घालवत नाही. डोळ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, ती सांगितलीच पाहिजे.

व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात कार्ल कोलर नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याचा मित्र म्हणजे सिग्मंड फ्रॉइड. फ्रॉइड तेव्हा कोकेनचा अभ्यास करत होता. १८८४ च्या उन्हाळ्यात तो आपल्या वाग्दत्त वधूला भेटायला हॅम्बुर्गकडे गेला. कोकेनने जीभ बधिर होते हे अनेकांनी अनुभवलं होतं, पण कोलरच्या डोक्यात नेत्रशस्त्रक्रिया घोळत होती. जीभ बधिर होते, तर डोळा का होणार नाही? फ्रॉइड नसताना त्याने आणि गार्टनर नावाच्या सहकाऱ्याने आधी बेडकाच्या डोळ्यात द्रावण टाकलं. मग सशाच्या, मग कुत्र्याच्या. शेवटी एकमेकांच्या डोळ्यांत थेंब टाकले, आरशासमोर उभे राहिले आणि टाचणीचं डोकं बुबुळावर टेकवून पाहिलं. काही कळेना! (सभागृहातून: "बापरे!") हो, बापरेच. सप्टेंबरात हायडेलबर्गला नेत्रतज्ज्ञांची परिषद होती. कोलरकडे तिथे जायला प्रवासखर्च नव्हता, म्हणून त्याचा निबंध ब्रेटाउअर नावाच्या दुसऱ्या डॉक्टरने वाचला. काही आठवड्यांत ही बातमी जगभर पोचली.

हे इतकं सविस्तर सांगितलं त्याला कारण आहे. त्या दिवसापासून मोठ्या माणसाच्या डोळ्याचं ऑपरेशन तो जागा असताना, पण न दुखता होऊ लागलं. आज तुमचे वडील थेंबांवर मोतीबिंदू काढून घेतात आणि दुपारी घरी येऊन चहा पितात. लहान मुलांच्या वाट्याला मात्र कोलरच्या शोधातलं फारसं काही आलं नाही. चार वर्षांचं मूल सूक्ष्मदर्शकाखाली डोळा न हलवता पडून राहणार नाही. त्याला पूर्ण भूलच द्यावी लागते, कधी कधी तर नुसत्या तपासणीसाठीही. रेटिनोब्लास्टोमा म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग. तो झालेल्या मुलांना उपचारांच्या काळात पुनःपुन्हा भूल देऊन तपासावं लागतं. पहिल्या वेळी भीती बसली, तर ते मूल पुढच्या वेळी रुग्णालयाच्या फाटकातच हातपाय झाडू लागतं.

आता नेहमीचं ऑपरेशन घेऊ, तिरळेपणाचं. डोळा फिरवणारे स्नायू सैल किंवा घट्ट करायचे असतात. सर्जन स्नायूखाली बारीक हूक घालून तो ओढतो, आणि त्याच क्षणी मॉनिटरचा 'टुक टुक' मंदावतो. डोळ्याकडून निघालेला संदेश मेंदूमार्गे हृदयाला जातो आणि ठोके कमी होतात. अश्नर आणि डॅग्निनी यांनी १९०८ मध्ये या प्रतिक्षिप्त क्रियेचं वर्णन केलं. मी म्हणते, "सर, जरा सोडा." स्नायूवरचा ताण गेला की ठोके पूर्ववत होतात. नाही झाले तर ठोके वाढवणारं अॅट्रोपीन हाताशी असतं. त्यामुळे पहिल्या रांगेतल्या सरांनो, ऑपरेशनमध्ये आमचं तुमचं भांडण झालं असं जे बाहेर ऐकू येतं, ते हे असतं. (हशा)

याच ऑपरेशननंतर मुलांना उलट्या फार होतात. उलटीचा धोका मोजण्याची लहान मुलांसाठी एक सोपी पद्धत आहे, तिच्यात चारच गोष्टी पाहतात: वय तीन किंवा जास्त, ऑपरेशन अर्ध्या तासाहून लांबलेलं, मुलाला किंवा जवळच्या नात्यात कुणाला पूर्वी असा त्रास झालेला, आणि चौथी तिरळेपणाचं ऑपरेशन. एवढ्या ऑपरेशनांतून एकट्या याचं नाव त्यात आहे! म्हणून आम्ही झोपेतच ओंडान्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन देतो, आणि दुखणं आवरायला पॅरासिटामॉल.

पण आईवडिलांना सगळ्यात घाबरवतं ते उलटीहून वेगळं. मूल डोळे उघडतं, पण आईला ओळखत नाही. पाठीची कमान करून किंचाळतं, पट्टी ओढतं, सलाईन उपटतं. नजर भलतीकडेच असते. आजी म्हणते, "याला बाहेरचं काहीतरी झालं." तसं काही नसतं. मेंदू टप्प्याटप्प्याने जागा होतो, मधल्या टप्प्यात हा गोंधळ उडतो. दोन ते पाच या वयात जास्त, आणि सेव्होफ्लुरेनसारख्या झटकन उतरणाऱ्या भुलीनंतर जास्त. बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत तो ओसरतो आणि मुलाला आठवतही नाही. ऑपरेशनच्या शेवटी थोडं प्रोपोफॉल किंवा आधी डेक्समेडेटोमिडीन दिलं, तर प्रमाण कमी होतं. आणि हा माझा मुद्दा: अमेरिकेत येल विद्यापीठात झीव्ह केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, की भूल देण्याआधी जी मुलं जास्त घाबरलेली असतात, त्यांच्यात उठतानाचा गोंधळ जास्त दिसतो. पुढे घरी गेल्यावर रात्री दचकून उठणं, अंथरूण ओलं करणं, आईला न सोडणं, हेही जास्त दिसतं.

मग घरी काय करायचं? पहिलं, मुलाशी खोटं बोलू नका. "आपण फिरायला जातोय" असं सांगून आणलेलं मूल ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दारात तुमच्यावरचाही विश्वास गमावतं. सांगा, "तुला झोप येईल. उठशील तेव्हा डोळ्यावर झाकण असेल, थोडं चुरचुरेल, मी शेजारी असेन." एवढं पुरतं.

एका सहा वर्षांच्या मुलाला मी मास्क हातात दिला. त्याने हुंगला आणि म्हणाला, "नेलपॉलिशचा वास येतोय." मी म्हटलं, "येणारच, आणि आता आणखी येईल. तू फुंकर मारून हा फुगा मोठा कर बघू." आमच्या यंत्राला श्वासाची पिशवी असते, तिला आम्ही मुलांसमोर फुगा म्हणतो. तो फुंकत राहिला, पिशवी फुगत आणि मिटत राहिली, आणि त्याचा हात आईच्या हातात सैल पडला. जागा झाल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "फुगा फुटला का?" (हशा, टाळ्या)

दुसरं, उपास. "रात्री बारानंतर काही देऊ नका" असं सांगतात आणि नंबर लागतो दुपारी एकला. तेरा तास! भुकेलं, तहानलेलं मूल शांत कसं राहील? नियम असा: जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, पाणी किंवा साखरपाणी दोन तास. युरोपातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०२२ मध्ये पाण्याची मर्यादा एका तासावर आणली. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळच पाळा, पण ती तासांत विचारून घ्या. आणि आजीमंडळींना हात जोडून विनंती, पदराआड लपवून बिस्किट देऊ नका. ते भुलीत उलटून फुप्फुसात गेलं, तर जिवावर बेततं.

पहिल्या रांगेतून मान हलताना दिसते आहे. "यादीत एवढ्या केसेस, गप्पांना वेळ कुठून आणू?" सर, हा आक्षेप मला रोज ऐकायला मिळतो. रिकव्हरीत एक मूल बिथरलं की दोन सिस्टर अर्धा तास त्याच्याशी झटतात. तो वेळ कुणाच्या खात्यात टाकायचा? आधीची दहा मिनिटं त्यापेक्षा स्वस्त आहेत. यादीत मुलांना सकाळी पहिलं घ्या, निम्मा उपास तिथेच सुटेल. आई जवळ असली की सगळं आपोआप जमतं, असंही मी म्हणत नाही. आईच थरथरत असेल, तर मूल आणखी घाबरतं. अशा वेळी मुलाला आधी शांत करणारं मिडाझोलामचं सरबत देणं चांगलं. पण जागं होताना आई शेजारी हवीच.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. "भुलीने मेंदूवर परिणाम होतो का?" हा प्रश्न विचारला जाणारच, म्हणून आधीच उत्तर देते. सात देशांतल्या तान्ह्या बाळांवरच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. सुमारे तासाभराच्या एका भुलीने पाचव्या वर्षीच्या बुद्ध्यंकात फरक दिसला नाही. तीन वर्षांखालच्या मुलांना लांबलचक किंवा वारंवार भूल देण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सावध केलं आहे, तेव्हा गरज असेल तरच आणि गरजेपुरतीच. जन्मजात मोतीबिंदूत मात्र भुलीला घाबरून थांबणं महागात पडतं. पहिल्या काही आठवड्यांत प्रकाश आत गेला नाही, तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही.

शेवटची विनंती. सर्जनचं नाव सगळ्या गावाला माहीत असतं, भूल कोण देणार हे बहुतेकांना टेबलापर्यंत कळत नाही. हे बदला. तारीख ठरताना सांगा, "आम्हाला भूलतज्ज्ञांना आधी भेटायचं आहे." (श्रोत्यांतून: "नाही म्हणाले तर?") तिरळेपणाचं ऑपरेशन असेल, तर तारीख आठवडाभर पुढे घ्या आणि पुन्हा मागा, डोळा कुठे पळून जात नाही. तान्ह्याचा मोतीबिंदू असेल, तर तारीख सोडू नका. त्या दिवशी सकाळी ओटीच्या दारात मला थांबवा आणि मुलाच्या देखतच विचारा. मला थांबावंच लागेल.