भिंतीवरचा जुना कागद
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त केलेले भाषण)



चिटणीसबाई म्हणाल्या, तुमच्या घराचे काम नुकतेच उरकले आहे, त्याविषयी दोन शब्द सांगा. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, व्याख्यान देण्याची सवय नाही. पण आपल्या इमारतींतून सध्या जिकडेतिकडे रंगकाम, फरशी, ओटा बदलणे चालू आहे, आणि काही वर्षांपूर्वी हौसेने लावलेले उठावाच्या नक्षीचे वॉलपेपर आता भिंतीवरून सुटू लागले आहेत. त्यांचे काय करावे, हा प्रश्न पुष्कळजणींपुढे आहे, म्हणून उभी राहिले.

आमच्या बाहेरच्या खोलीच्या दोन भिंतींना मामंजींनी २०१२ साली असा कागद लावून घेतला होता. मामंजी आता नाहीत. त्यामुळे काम निघाले तेव्हा सासूबाईंचे एकच म्हणणे, त्यांच्या कागदाला हात लावू नका. काम घेणारे गृहस्थ म्हणाले, "जुन्यावरच नव्या पट्ट्या ठोकून देतो, दोन दिवसांत खोली नवी." पैसेही कमी लागणार, तेव्हा घरातल्या पुरुषमंडळींना ते पटले. मला मात्र पटेना. सासूबाईंना दम्याचा त्रास, आणि त्यांची कॉट नेमकी पश्चिमेच्या भिंतीला. पावसाळ्यात त्या कोपऱ्याला कुबट वास येई. मी म्हटले, आधी भिंत काय म्हणते ते पाहू, मग पट्ट्या.

भिंत पाहणे काही अवघड नाही, बायनो. नारळ घेताना आपण वाजवून घेतो ना, तशी बोटाच्या पेराने भिंत वाजवावी. पोकळ वाजली तर कागद तरी सुटला आहे किंवा आतला गिलावा तरी. मग कोपऱ्यातून, कपाटामागे वगैरे, वीतभर कागद उचकटून पाहावा. स्वैपाकघराकडच्या भिंतीवर कागद असा घट्ट बसला होता की नख शिरेना. पश्चिमेच्या भिंतीवर मात्र तो सहज हातात आला, आणि मागे काळी बुरशी व पांढरी भुकटी, म्हणजे लोणा. आपल्या ठाण्यात पावसाची झोड पश्चिमेकडूनच येते. खिडकीच्या सज्जाखाली बाहेरून चीर गेली होती, तिच्यातून पाणी मुरत होते. वरचा कागद प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचा, त्यातून ओल बाहेर पडायला वाट नाही. त्यावर पट्ट्या ठोकल्या असत्या तर बुरशीला आणखी एक पांघरूण मिळाले असते, आणि बुरशीने दम्याचा त्रास वाढतो हे तर डॉक्टरही सांगतात. ते वीतभर भोक सासूबाईंना दाखवले. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, "ही काढा. ती राहू द्या." असा दोन भिंतींचा दोन तऱ्हेने निकाल लागला.

हा कागद मूळचा आपल्याकडचा नव्हे. माझ्या मुलीने वाचून दाखवले की, लिनोलियम शोधून काढणारे इंग्लंडातील फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८७७ साली जवसाच्या तेलापासून उठावाच्या नक्षीचे लिंक्रस्टा नावाचे जाड आवरण केले. पुढे दहा वर्षांनी थॉमस पामर यांनी लगद्याचा हलका व स्वस्त अ‍ॅनाग्लिप्टा काढला. तो रंगवण्यासाठीच असतो. तिकडच्या जुन्या घरांतून त्यावर रंगाचे थरावर थर चढवलेले असतात. म्हणून तिकडचे लोक खुशाल सांगतात, वरून रंग द्या. आपल्याकडचा कागद बहुतेक प्लॅस्टिकच्या तोंडाचा. प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात, ते कधीकधी वरच्या रंगात उतरते आणि रंग चिकट राहतो. तेव्हा दाराआड हातभर जागेवर प्रायमर व रंग लावून आठपंधरा दिवस थांबावे. बोट चिकटले नाही तरच पुढे जावे.

पश्चिमेच्या भिंतीचे काम दिवाळीनंतर घेतले. आधी बाहेरची चीर बुजवली. आतून कितीही चोपडले तरी बाहेरचे पाणी थांबत नाही, हे कामगारांना चारदा सांगावे लागले. मग कागद. वरचा पापुद्रा कोरडाच ओढला की निघतो. मागे राहतो तो साधा कागद आणि खळ. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून ते स्पंजाने लावावे आणि दहापंधरा मिनिटे थांबावे. थांबणे महत्त्वाचे! घाई करून खरवडले की गिलाव्याला खड्डे पडतात, आणि लांबी भरण्याचा खर्च वाढतो. भिजला की लांबीच्या पत्र्याने तो सायीसारखा गोळा होतो. विजेच्या बटणांजवळ ओले काम करताना मेन स्विच बंद ठेवावा. शेवटी दोनदा स्वच्छ पाण्याने पुसावे. ओले बोट फिरवून बुळबुळीत लागले तर खळ राहिली असे समजावे. तिच्यावर रंग दिला तर तो पुढे तडकतो.

कागदाखाली जुना ऑईलपेंट निघाला तर कोरडा घासू देऊ नका. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. ओले करून घासावे, मुलांना दुसरीकडे पाठवावे, जमीन ओल्या फडक्याने पुसावी.

आमचा कुजका गिलावा काढून नवा केला आणि भिंत महिनाभर उघडी ठेवली. मग हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस लावला. त्याच्या मागच्या बाजूला दव धरले तर भिंत अजून ओली. पहिल्यांदा धरले. पुन्हा पंधरा दिवस थांबलो. पुरुषमंडळी कुरकुरली, पण थांबली.

राहिलेल्या भिंतीचे काम हलके होते. मऊ ब्रशाने नक्षीच्या खाचांतली धूळ काढली, सुटलेल्या कडा ताज्या खळीने बसवल्या, फुगे आले होते तिथे पात्याने फुलीसारखी चीर देऊन आत खळ भरली. दिवाणावर डोकी टेकून बसायची सवय, त्यामुळे ओळीने खोबरेल तेलाचे डाग! ते नुसत्या रंगाने झाकत नाहीत, आठ दिवसांत पुन्हा डोकावतात. आधी डाग दाबणारा प्रायमर लावावा लागतो. रंगाचे हात दोन, पण पातळ. जाड दिला की नक्षी बुजते. रंगारी एकाच जाड हातात दोन्ही हात उरकू पाहतो, तेव्हा आपण तिथे उभे राहावे.

पश्चिमेच्या भिंतीला आता साधा पाण्याचा रंग आहे, कागद नाही. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवले आहे, म्हणजे मागून वारा खेळतो. सासूबाईंची कॉट त्यांनीच आता मामंजींच्या कागदाच्या भिंतीला हलवून घेतली आहे. कुणाला प्लॅस्टिकच्या तुकड्याची ती युक्ती करून पाहायची असेल तर दुपारी तीननंतर केव्हाही या, दाखवीन.