गिऱ्हाईक आणणारा आणि सही करणारा



हिऱ्यांच्या कारखान्यांनी गजबजलेल्या या कतारगामात आज आपण जमिनीविषयी बोलायला जमलो आहोत. सुरतेत पोटापाण्यासाठी आलेल्या खानदेशी कुटुंबांची शेती धुळे, जळगाव, नंदुरबारकडे असते. सातबाऱ्यावर नाव इथल्या माणसाचे, वहिवाट तिथल्या भावाची. विकायची वेळ आली की खाडे करून वारंवार गावी जाणे परवडत नाही. मग कुलमुखत्यारपत्र होते. मुखत्यार कधी पुतण्या असतो, कधी आपल्यापैकीच एखादा एजंट.

माझे म्हणणे असे, की गिऱ्हाईक आणण्याचा अधिकार वेगळा आणि जमीन विकण्याचा वेगळा. आपल्या धंद्याची पत हे अंतर राखण्यावर उभी आहे.

हे अंतर राखल्याने दलालाचे नुकसान होत नाही. कलकत्त्यातल्या एका घराच्या विक्रीची बोलणी करायला मालकाने दलालाला लेखी सांगितले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५०च्या त्या निकालात न्यायालयाने म्हटले, की एवढ्या पत्रावरून मालकाला बांधून टाकणारा करार करण्याचा अधिकार दलालाला मिळत नाही. पण त्याने गिऱ्हाईक आणले होते, म्हणून त्याची दलाली मात्र मान्य झाली. मेहनतीचा मोबदला घ्यायला मालकाच्या जागी सही करावी लागत नाही, हे आपल्या नव्या मंडळींनी मनावर घ्यावे.

मुखत्यारपत्र हातात आले तरी ते ओळ न् ओळ वाचले पाहिजे. केरळातल्या उमादेवी नंबियार यांनी १९७१मध्ये बहिणीला सर्वसाधारण मुखत्यारपत्र दिले होते. त्यात भाडेपट्ट्याने देण्याचा, गहाण ठेवण्याचा अधिकार होता, विकण्याचा नव्हता. तरी बहिणीने जमीन विकली. एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की विक्रीचा अधिकार कागदात स्पष्ट असावा लागतो, इतर कलमांतून तो ओढूनताणून काढता येत नाही. खरेदीदारांनी तो कागद नीट पाहिला असता तर त्यांना हे तेव्हाच कळले असते. पण ‘पॉवर आहे ना, मग झाले’ एवढ्यावर आजही बाना दिला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

दुसरी खोड म्हणजे मुखत्यारपत्रालाच खरेदीखत समजणे. सूरज लॅम्प प्रकरणात, ११ ऑक्टोबर २०११ रोजी, न्यायालयाने साफ सांगितले की मुखत्यारपत्र आणि साठेखत यांवर मालकी जात नाही. त्यासाठी नोंदलेले खरेदीखतच हवे.

मालक वारला की भारतीय करार अधिनियमाच्या २०१व्या कलमाप्रमाणे मुखत्यारकीही संपते. मालमत्तेत मुखत्याराचे स्वतःचे हितसंबंध गुंतलेले असतील तर २०२वे कलम अपवाद करते, पण ठरलेली दलाली म्हणजे असा हितसंबंध नव्हे. मृत्यूची बातमी दाबून घाईघाईने दस्त करणाऱ्याला मी आपला मानत नाही. मालकाला अंधारात ठेवून बायकोच्या किंवा मेव्हण्याच्या नावावर जमीन घेणाऱ्यालाही नाही. असा व्यवहार मालकाला नाकारता येण्याची वाट २१५व्या कलमात आहे. नव्या शर्तीची जमीन असेल तर खुद्द मालकालाही परवानगीवाचून विकता येत नाही, मग मुखत्याराला कशी येईल?

दस्त नोंदणीला मुखत्याराने सादर करायचा असेल, तर मालक जिथे राहतो तिथल्या निबंधकासमोर मुखत्यारपत्र करून ते प्रमाणित करून घ्यावे लागते. म्हणजे जमीन शिरपूरची असली तरी इथे राहणाऱ्या मालकाचे हे काम सुरतेतच होते. तिथे मालकाला सोबत न्या. गट नंबर, क्षेत्र, किमान किंमत, पैसे कोणाच्या खात्यावर जमा व्हायचे, साठेखत करायचे की खरेदीखतही, हे सगळे त्याच्या भाषेत त्याला वाचून दाखवा आणि मगच अंगठा किंवा सही घ्या. दुपारच्या बैठकीत अशा मुखत्यारपत्राचा मराठी आणि गुजराती मसुदा ठेवत आहे. त्यातली किमान किमतीची ओळ काही सभासदांना अडचणीची वाटते, असे कानावर आले आहे. माझा आग्रह ती ठेवण्याचा आहे. त्यांनी आपली बाजू तिथे मांडावी.