अंगणांतला भेक

श्रोतेहो, मृगाच्या सरी कोसळल्या कीं मोताळ्याच्या शिवारांत, नळगंगेच्या कांठानें आणि कपाशीच्या वावरांतून, रात्रभर एक लांबलचक ‘कुर्र’ असा स्वर घुमूं लागतो. हा स्वर भेकाचा. आपण त्याला सरसकट बेडूक म्हणतों. पण बेडकाचें अंग ओलसर व गुळगुळीत, तर भेकाची त्वचा कोरडी व फोडाफोडांची. पाय आखूड असल्यामुळें तो लांब उडी न घेतां फुदकत चालतो. डोक्यावरचे काळे कंगोरे ही त्याची खूण.

श्नायडर या जर्मन पंडितानें १७९९ सालीं या जातीचें शास्त्रीय वर्णन केलें. २००६ सालीं तिला ‘दत्ताफ्रायनस’ या नव्या प्रजातींत (जीनसमध्यें) घातलें. हें नांव सुशील कुमार दत्त या भारतीय संशोधकाच्या गौरवार्थ आहे.

याच्या संवयी चमत्कारिक आहेत. हा तोंडानें पाणी पीत नाहीं. ओलीवर बसून पोटाखालच्या पातळ त्वचेनें तें शोषून घेतो. घास गिळतांना याचे डोळे आंत ओढले जातात व तोच घास मागें लोटला जातो. कात टाकली कीं तीहि खाऊन टाकतो. दिवसा दगडाखालीं दडून राहावें आणि रात्रीं दिव्याखालचे किडे वेंचावे, हा त्याचा नित्यक्रम.

विणीचा काळ मात्र जिवावरचा. मादी डबक्यांत चिकट सरांमध्यें हजारों अंडीं घालते. त्यांतून निघालेल्या काळ्या पिल्लांना पाय फुटून जमिनीवर येण्यास कांहीं आठवडे लागतात. तेवढ्यांत पावसानें ओढ दिली आणि डबकें आटलें, तर सारी वीण चिखलांत वाळून जाते. वऱ्हाडांत अशाच वेळीं बेडूक मुसळाला बांधून, कडुनिंबाच्या डहाळ्यांसह, दारोदार धोंडी मागण्याची जुनी चाल आहे. पावसाची निकड शेतकऱ्याइतकीच त्या मुक्या जीवालाहि असते, हें मात्र ध्यानांत येत नाहीं.

भेकाला शिवल्यानें चामखीळ येते, हा समज निराधार आहे. चामखिळीचें कारण विषाणु. मात्र डोळ्यांमागच्या ग्रंथींत विष आहे, हें खरें. तें हृदयावर परिणाम करतें. कुत्र्यानें भेक तोंडांत धरला तर तोंडाला फेंस येतो, आणि माणसानें भेक खाल्ला तर जिवावर बेततें. म्हणून हात लागल्यास धुवावे. ठेंचून मारण्याचें कारण नाहीं.

आपल्याकडील नानेटीसारखे साप हें विष पचवतात. मादागास्करांत तसें नाहीं. तेथील तोआमासिना बंदराच्या आसपास ही जात २०१४ सालीं प्रथम आढळली. तेथील बहुतेक प्राण्यांना हें विष सोसत नाहीं, हें २०१८ सालीं दिसून आलें. मोताळ्यांत जो किडे खाणारा सोबती, तोच परक्या बेटावर अरिष्ट ठरला. दोष प्राण्याचा नव्हे. त्याला भलत्या ठिकाणीं नेणाऱ्या माणसांच्या व्यवहाराचा.

तेव्हां, श्रोतेहो, यंदा पावसाळ्यांत ओट्याखालीं भेक दिसला, तर झाडू उगारूं नका. अंगणांतली एखादी ओलसर कुंडी त्याला पुरे. फवारणीचें औषध मात्र त्याच्या वाटेंत सांडूं देऊं नका. जी त्वचा पाणी पिते, ती विषहि पिते.